गरज सरल्यानंतर

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःच्याच स्वभावाकडे पाहून रचलेली असावी. मात्र म्हणीतला वैद्य निदान ओळखीचा असतो. त्याचे घर गावात असते, आणि तो वाटेत भेटला तर मान खाली घालावी लागते. पण ज्या वैद्याचे नाव ठाऊक नाही, जो सातासमुद्रापलीकडे राहतो आणि ज्याने एक पैसाही मागितलेला नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असलो, तर ते फेडायचे कसे? हा प्रश्न आम्ही येथे एका अगदी घरगुती वस्तूच्या निमित्ताने विचारीत आहोत.

ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडलेला छोटा संगणक. चित्रपट, गाणी, लग्नाच्या चित्रफिती, दिवंगत आजी-आजोबांची छायाचित्रे असे सारे त्यात साठवून ठेवावे आणि संध्याकाळी घरातल्यांनी एकत्र बसून पाहावे, एवढेच त्याचे काम. यंत्र दुकानातून येते; त्याला चालविणारी प्रणाली मात्र पुष्कळदा दुकानातून येत नाही. ‘कोडी’ या नावाने आज ओळखली जाणारी प्रणाली २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी रचावयास घेतली. एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या यंत्रावर चित्रपटही पाहता यावेत, एवढाच तेव्हा हेतू होता. २०१४ साली तिला सध्याचे नाव मिळाले. चित्रफिती दाखविणाऱ्या ‘व्हीएलसी’ची सुरुवात १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी केली, आणि २००१ पासून ती सर्वांना खुली झाली. या दोन्ही प्रणाली ज्या परवान्याखाली वाटल्या जातात त्याचे पहिले रूप १९८९ सालचे. त्याचे सार असे की, वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र आपण बदललेली प्रत वाटणार असाल तर जे तुम्हांस खुले मिळाले ते पुढच्याला कुलूप लावून देऊ नका. कायद्याच्या भाषेत लिहिलेला हा एक नीतिनियमच आहे.

यंत्र म्हटले की ते बिघडणारच. एक नेहमीचा बिघाड घेऊ. २०१२ साली ३५ डॉलर किमतीला बाजारात आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाच्या वंशातले एखादे यंत्र टीव्हीला जोडलेले असते. चित्रपट दहा मिनिटे नीट चालतो, मग अडखळतो, थांबतो. घरचा मुलगा प्रणालीला दोष देतो, वडील चित्रपटाच्या प्रतीला. मुलगा सारे पुसून प्रणाली नव्याने बसवितो, पुन्हा तेच. अखेर तो आपली अडचण लिहून जाणत्या स्वयंसेवकांकडे पाठवितो. उत्तर येते ते प्रश्नाच्याच रूपाने : पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसते काय? वीज कोणत्या चार्जरवरून दिली आहे? यंत्राची नोंदवही पाठवाल काय? त्या खुणेचा अर्थ असा की, ५ व्होल्टच्या या यंत्राला मिळणारी वीज ४.६३ व्होल्टच्या खाली घसरली आहे. जुन्या मोबाइलचा चार्जर आणि बारीक तार यांवर ते जेमतेम उभे राहते. काम वाढले की धापा टाकते. दोष प्रणालीत नव्हता, प्रतीतही नव्हता. तो भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या हातभर तारेत होता.

या लहानशा व्यवहारात नीतीचे प्रश्न दडलेले आहेत. पहिला मागणाऱ्याचा. दूर बसलेल्या माणसाला यंत्र दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ आपले निवेदन. ‘काही चालत नाही’ हे निवेदन नव्हे, ते गाऱ्हाणे झाले. आणि ‘मी काहीच केले नाही, आपोआप बिघडले’ हे पुष्कळदा असत्य असते. आदल्या रात्री काय बदलले, कोणती तार कोठून आणली, हे न लपविता सांगणे हीच येथे विनामूल्य मदतीची पहिली किंमत होय. नोंदवही मागण्यामागचे कारणही हेच. तिला लाज नसते, अहंकार नसतो. घडले ते ती क्रमाने सांगते. माणसाने निदान तिच्याइतके तरी प्रामाणिक असावे.

दुसरा प्रश्न देणाऱ्याचा. लष्करच्या भाकऱ्या भाजणारी ही माणसे हे का करतात? कोणाला कोडे सुटल्याचा आनंद हवा असतो, कोणाला चार जाणत्यांत नाव. कोणी आपल्याला पूर्वी मिळालेली मदत आठवत असतो. हेतू असे मिसळलेले आहेत म्हणून कृती हिणकस ठरत नाही. आईच्या स्वयंपाकातही कौतुकाची अपेक्षा असतेच. मात्र ज्ञान देणाऱ्याला एक मोह घेरतो, तो अज्ञानाचा उपहास करण्याचा. प्रश्न कसे विचारावेत यावर एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ साली एक मार्गदर्शक लेख लिहिला. आधी स्वतः शोधा, नेमके लिहा, मग विचारा, हा त्याचा रोख आहे आणि तो योग्यही आहे. परंतु ज्याला काय शोधावे हेच कळत नाही, त्या निवृत्त शिक्षिकेच्या तोंडावर तो नियम फेकला, तर दान राहत नाही, फटका होतो. हातातली भाकरी देताना समोरच्याची भूक मोजावी, त्याची लायकी नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या शेतकऱ्यांना ‘सावड’ ठाऊक आहे : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, दिवसाला दिवस, माणसाला माणूस. ‘इर्जिक’ही ठाऊक आहे : सारा गाव औते घेऊन एकाच्या शेतात उतरतो आणि घरधनी सर्वांना जेवू घालतो. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली देणगीवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, जगातील अनेक समाजांत देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली असतात. निव्वळ फुकट असे काही नसते. सावडीत आणि इर्जिकीत हेच दिसते. परंतु हेलसिंकीतल्या किंवा पुण्यातल्या अनोळखी माणसाच्या शेतात आपण उतरणार कसे? त्याला जेवू घालणार कसे?

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने उपकार या विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो ग्रीक कथेतल्या तीन भगिनींचा उल्लेख करतो. त्या हात गुंफून फेर धरतात, आणि त्याचा एक जुना अर्थ असा लावीत की, एक देणारी, दुसरी घेणारी, तिसरी परत करणारी. सेनेका स्वतः अशा कल्पनाविलासाला फारसा भुलत नाही. पण फेराची कल्पना आमच्या प्रश्नाला लागू पडते. उपकार ज्याच्याकडून आला त्याच्याकडेच सरळ परत जावा असे नाही. हातातून हातात जात तो फेर पूर्ण करतो. ज्या मुलाला तार बदलण्याचा सल्ला मिळाला, त्याने शेजारच्या काकूंचे यंत्र नीट करून द्यावे, देणे फिटले.

फिटले काय? येथे आम्हांला थांबावे लागते. ‘पुढे देत जा’ हे वचन कानाला गोड आहे. पण त्याच्या आडोशाने ज्याने प्रथम दिले त्याला एकटे टाकून देणेही सोपे होते. ‘एक्सझेड’ नावाची एक लहान प्रणाली जगभरच्या असंख्य संगणकांत माहिती दाबून साठविण्याचे काम करते. ती वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. कामे लवकर होत नाहीत म्हणून त्याच्यावर तक्रारींचा मारा झाला. हे काम आपण बिनपगारी हौसेने करतो, याची आठवण त्याला द्यावी लागली. याच काळात एका टोपणनावाच्या माणसाने मदतनीस म्हणून त्याचा विश्वास संपादन केला आणि सुमारे अडीच वर्षांनी त्या प्रणालीत चोरदरवाजा बसविला. तक्रार करणारी काही नावेही बनावट असावीत, असा जाणकारांचा तर्क आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघडकीस आणले. आपल्या दुसऱ्याच कामाच्या चाचण्या घेत असताना संगणकात प्रवेश करावयास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढे त्याच्या ध्यानी आले, आणि त्याने त्याचा पिच्छा पुरविला. घातपात करणाऱ्याला दार सापडले ते थकलेल्या माणसाच्या एकटेपणात. म्हणीतला वैद्य अशाने मरतो. आणि मग गाव आजारी पडतो.

म्हणून पुढे देणे हे कर्तव्याचे एक अंग झाले; मागे वळून पाहणे हे दुसरे. त्यासाठी पांडित्य लागत नाही. दोष सापडला की उलट कळवावे : ‘तार बदलली, तीन चित्रपट सलग पाहिले, आता अडत नाही.’ या दोन ओळींनी उत्तर देणाऱ्याचे निदान खरे ठरल्याचे त्याला कळते, आणि त्याच दुखण्याने गांजलेल्या पुढच्या माणसाला तयार औषध मिळते. जो काम झाल्यावर निघून जातो, तो केवळ आभार चुकवीत नाही. तो ज्ञानाची साखळी एका कडीने तोडतो. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने थोडा द्यावा. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने सूचनांचे मराठी करावे, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही यंत्र हाताळता येईल. आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याने निदान हक्काने खडसावू नये. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार जरूर करावी, कारण तक्रारीवाचून दोष कळत नाही. परंतु ती नोकराशी बोलल्यासारखी नव्हे, सोबत्याशी बोलल्यासारखी असावी.

काही वाचक म्हणतील, एका चार्जरच्या गोष्टीवर एवढे ओझे कशाला? आमचे उत्तर असे की, मोठ्या उपकारांच्या वेळी माणूस सावध असतो. प्राण वाचविणाऱ्या डॉक्टरला कोणी सहसा विसरत नाही. आपली खरी पारख क्षुल्लक उपकारांच्या वेळी होते, जेव्हा देणारा दिसत नाही, मागत नाही, आणि आपण विसरलो तरी कोणाला कळणार नाही. न मागितलेले ऋण कायदा वसूल करू शकत नाही, शेजारी टोचून बोलू शकत नाहीत. ते फेडावयाचे तर स्वतःहून फेडावे लागते. आणि जे स्वतःहून फेडले जाते त्यालाच आम्ही कृतज्ञता म्हणतो, बाकीची केवळ वसुली होय.