जात कशावरून ठरवावी?

खेकड्याच्या पाठीवरून मधोमध रेघ ओढली, तर डावे अंग उजव्याच्या प्रतिबिंबासारखे दिसते. विंचवाचे, झुरळाचेही तसेच. आणि वाचकहो, राग मानू नका, आपलेही तसेच! तारामासा मात्र पाच हातांचा. त्याला ना डावे, ना उजवे. मग या दोघांत आपल्याला जवळचा कोण? खेकडा, असे कोणीही म्हणेल.

प्राणिशास्त्राचा निकाल उलटा आहे. खेकडा सांधेदार पायांचा, म्हणजे संधिपाद. त्याचे घराणे निराळे. तारामासा आपल्या बाजूचा. बालपणी तो समुद्रात तरंगत असतो तेव्हा त्यालाही डावे-उजवे असते. पाचांची ठेवण मागाहून येते. शिवाय गर्भात पहिले छिद्र पडते, त्याचे तोंड होत नाही. तोंड नंतर फुटते. आपलेही असेच घडते.

म्हणजे रूपावरून नाते ठरत नाही. उगम पाहावा लागतो. समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेली, तळपाय कापणारी पांढरी बार्नेकल घ्या. क्यूव्हिएसारख्या थोर पंडिताने त्यांना शिंपल्या-गोगलगायींच्या पंगतीला बसवले होते. १८३० साली जॉन वॉन टॉम्सन याने त्यांच्या पोहणाऱ्या पिल्लांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ही मंडळी खेकडे-कोळंबीच्या भावकीतली निघाली.

इथे एखादा चतुर गृहस्थ मला गाठील आणि म्हणेल, ‘मास्तर, शास्त्रसुद्धा जन्मच पाहते, मग आम्ही माणसाची जात पाहिली तर काय बिघडले?’ प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या भाषेनेच हा घोटाळा करून ठेवला आहे. फुलपाखरांच्याही जाती, आणि शाळेच्या दाखल्यावरही जात!

माझे उत्तर असे. शास्त्रज्ञ उगम विचारतो तो नाते कळावे म्हणून. त्यावरून तो कोणाला वरच्या पाटावर बसवीत नाही की कोणाला ओसरीबाहेर ठेवीत नाही. त्याने उगम शोधला आणि तारामासा आपला आप्त ठरला. आपण उगम विचारतो आणि शेजारचा माणूस परका होतो. त्यातून मौज अशी की, शास्त्राच्या वहीत आजच्या साऱ्या माणसांची नोंद एकाच जातीखाली आहे. १७५८ साली लिनियसने तिला होमो सेपियन्स हे नाव दिले.

या दिवाळीतही फराळाची ताटे घरोघर जातील. आपले ताट कोणत्या दारापाशी न थांबता पुढे जाते, तेवढे ज्याने त्याने पाहावे.