हसऱ्या पितरांचे श्राद्ध

आमच्या वडिलांच्या दहाव्या दिवशी तापीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला. थोरल्या बंधूंनी आईच्या सांभाळाचे वचन दिले. आम्ही राहिलेले देणे फेडण्याचे दिले. मामांनी धाकट्या नातीच्या लग्नाचा भार पत्करला. कावळे झाडावर स्वस्थ बसून होते. अखेर आठ वर्षांच्या नातवाने खिशातील भुसूची चिमूट पिंडाशेजारी ठेवली आणि म्हटले, "आजोबा, येत्या पडव्याला घारी चुकवणार नाही." कावळा आला. आम्हां सर्वांस हसू आवरले नाही, आणि एका वडीलधाऱ्या आप्तांनी तेथेच आमची कानउघाडणी केली. अशा प्रसंगी हसणे हा पितरांचा अनादर आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. वर्षश्राद्ध जवळ आले असता तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

तापी मुलताईस उगम पावते व खानदेशातून वाहत सुरतेजवळ सागरास मिळते. आमचे आजोबा तिच्याच वाटेने, तापी खोऱ्याच्या रेल्वेने, मागावर काम शोधीत येथे आले. वडील येथेच वाढले आणि पुरते सुरती झाले. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही येथील म्हण सर्वांस ठाऊक आहे. वडील म्हणत, पहिला अर्धा भाग आपल्या हाती, उरलेला विश्वेश्वराच्या. कोजागरीचे आटीव दूध घरात व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेस, सतरंजी काखोटीस मारून सारे बिऱ्हाड रस्त्याकडेला चांदण्यात घारी खावयास निघायचे. उत्तरायणास साठी उलटल्यावरही ते गच्चीवरून खाली उतरत नसत. याच सुरतेत १९०१ साली जन्मलेले ज्योतींद्र दवे यांनी स्वतःच्या कृश देहाची थट्टा करून अवघ्या गुजरातेस हसविले. वडिलांच्या विनोदाची सुरुवातही बहुधा स्वतःपासूनच होई.

परंतु येथे खरे बोलले पाहिजे. पगार हाती आला की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घारीचे डबे येत, आणि आमची शाळेची फी मात्र थकलेली असे. आईने दोनदा बांगड्या गहाण ठेवल्या. त्या एकदाच परत आल्या. ती बोलू लागली की वडील असा काही विनोद करीत की आम्ही पोरे खिदळू लागत असू, आणि तिचे बोलणे तेथेच विरून जाई. ती कुरकुरी, ते आनंदी, असा निवाडा आम्ही बालपणीच करून टाकला होता. त्या अन्यायात आमचाही वाटा आहे. एकाच्या हसण्याची किंमत घरातील दुसरे कोणी मुकाट्याने मोजीत असेल, तर त्या हसण्यास सद्गुण म्हणावे काय?

तथापि दुसरी गोष्टही खरी आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा आमचे तळमजल्यावरील बिऱ्हाड पाण्याखाली गेले व आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या आश्रयास होतो. वीज नव्हती, दूध नव्हते. वडिलांनी थोरल्या नातवंडांस खिडकीत बसवून वाहत जाणाऱ्या भांड्यांवर पैजा लावल्या. कोणाची कढई पुढे, कोणाची बादली मागे! मुलांस तो पूर आजही एखाद्या सणासारखा आठवतो. रात्री मात्र ते जिन्यात विजेरी घेऊन बसत आणि पाण्याने किती पायऱ्या गिळल्या ते मोजीत. हे आम्हांस आईने सांगितले, तेही ते गेल्यानंतर. तेच हसणे, तोच मनुष्य. पण या खेपेस किंमत त्यांनी स्वतः मोजली होती.

एका आप्तांनी श्रद्धांजलीचा मसुदा पाठविला आहे. त्यात वडील 'मितभाषी, विरक्त व सात्त्विक वृत्तीचे' झाले आहेत. आईने तो ऐकला आणि विचारले, "हे कोण गेले?" मृतांविषयी बरेच बोलावे हा शिष्टाचार आम्हांस मान्य आहे; परंतु ज्याची आठवण करावयाची तो मनुष्यच त्या आठवणीतून नाहीसा झाला, तर पिंड कोणास देणार? श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला. कठोपनिषदात पिता दूध आटलेल्या जीर्ण गाई दान देत असता नचिकेत्याच्या ठायी श्रद्धेने प्रवेश केला, असे सांगितले आहे. म्हणजे पित्याचे उणे दिसले त्याच घटकेस श्रद्धा जागी झाली. आणि यमाने तीन वर देऊ केले तेव्हा पहिला वर त्या मुलाने मागितला तो पित्याचे मन शांत व्हावे म्हणून. दोष दिसणे आणि प्रेम असणे यांत त्यास विरोध वाटला नाही. आम्हांस मात्र हे उमजावयास केस पिकावे लागले.

घाटावर हसलो, याचा पश्चात्ताप आता वाटत नाही. आईकडे पाहून हसावयास शिकलो नाही, याचा वाटतो.

वर्षश्राद्धाच्या पानात काय काय असावे, हे गुरुजींस विचारण्यापूर्वी आम्ही तिलाच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घारी आणा. पण रोख देऊन आणा."