आधी गोळी, मग ताट

निवांत बसा. पाठ टेकवा, हात मांडीवर सोडा. हात थरथरत असतील तर थरथरू द्या, आवरायला जाऊ नका.

कट्टा गावाहून आतल्या वाड्यांकडे जाणारी एखादी पाणंद मनात आणा. जांभ्याच्या गडग्यावर खाजकुयली चढली आहे. पावसाळा सरता सरता तिला काळपट जांभळी फुलं येतात, थंडीत शेंगा तपकिरी होतात. त्या शेंगांची लव अंगाला लागली की काय होतं, ते इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. लव राहू दे. आतल्या बीवर मन ठेवा.

या बियांमधून 1937 मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेवोडोपा वेगळं काढलं. कंपवाताच्या गोळीत आज हेच द्रव्य असतं.

आता सावकाश विचार करा. कंपवातात मेंदूला डोपामिन कमी पडतं. मग डोपामिनच का देत नाहीत? दिलं तरी ते मेंदूत पोचत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की मधून वाट मिळत नाही. 1885 मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. बहुतेक औषधंही या भिंतीशीच अडतात. तिच्यावर रागावू नका. रक्तातली किती विषं, किती जंतू तिने तुमच्या नकळत जन्मभर बाहेर ठेवले आहेत! क्षणभर तिचे आभार माना.

लेवोडोपा ही भिंत फोडत नाही. ते एक अमिनो आम्ल आहे, आणि अन्नातल्या अमिनो आम्लांसाठी भिंतीत जे दार आहे, त्याच दाराने ते आत जातं. आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. वाटेत, रक्तातच तसं होऊन ते वाया जाऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा घातलेलं असतं. ते स्वतः मेंदूत जात नाही. दुसऱ्याला पोचवून बाहेरच थांबणारं हे द्रव्य मला फार मोठं वाटतं. त्याच्यापाशी दोन श्वास थांबा.

आता दुपारचं ताट. भात, बांगड्याची आमटी, सोलकढी. बांगड्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच दाराशी येतात. गर्दी झाली की लेवोडोपा मागे राहतं, आणि गोळी घेऊनही अंग जड राहतं. अशा वेळी औषध संपलं, आजार हाताबाहेर गेला, असं मनात येतं. पुष्कळदा चुकलेली असते ती फक्त वेळ. मासे सोडायचे नाहीत. गडग्यावरची बीही चघळायची नाही, कारण तिच्यात लेवोडोपा किती, ते प्रत्येक बीत वेगळं. डॉक्टरांनी दिलेली वेळ तेवढी धरून ठेवायची. बहुधा ती जेवणाआधी अर्धा तास असते.

ताट वाढणाऱ्यानेही हे मनाशी धरावं. आधी गोळी आणि पाणी. मग तो अर्धा तास. तेवढ्यात बांगड्याचे काटे काढून होतात.