बदलीचे घर आणि बेगमी

सरकारी घराचा ताबा घेताना जी यादी आपल्या हाती पडते तीत पंखे असतात, खिडक्यांच्या काचा असतात, नळाच्या तोट्यांचीही मोजदाद असते. लखनौस आम्ही प्रथम आलो तेव्हा आमच्या यादीत झाडे मात्र नव्हती. परसात दशहरीचे एक जाणते कलम होते, आणि स्वयंपाकघरामागे मोरीच्या पाण्यावर अळूचे दाट बेट, शेजारी कढीलिंब. इकडे अरवी लावतात ती कंदासाठी. हे काळ्या देठाचे, फतफत्याचे अळू होते. ते पाहून घरातील मंडळी क्षणभर बोलेनाशी झाली. आमच्या आधी केव्हातरी आपल्यापैकी कोणी येथे राहून गेले होते. त्यांचे नाव आम्हांस कधीच कळले नाही. अळू मात्र आम्ही तीन वर्षे खाल्ले.

बदलीच्या माणसाने झाड लावावे काय, आणि दुसऱ्याने लावलेल्या झाडाचे किती घ्यावे, हा प्रश्न वाचकांपैकी पुष्कळांना पडला असेल. आम्हांस तो नीट कळण्यास आमच्या हातून एक हलके कृत्य घडावे लागले.

परमुलुखात ऋतूंची ओळख पंचांगापेक्षा स्वयंपाकघरात लवकर होते. आपल्याकडे मे महिन्यात डोंगरावरून येणारे करवंद येथे पावसाळ्यात येते, आणि तेही काळे नव्हे, पांढऱ्यावर गुलाबी छटेचे. ते पिकून खाण्याचे नसून लोणच्याचे. चाकवत बथुआ या नावाने हिवाळ्यात भेटतो. थंडीत फुलकोबी, मटार, लाल गाजरे यांची एवढी रेलचेल की खाणाऱ्याचीच उणीव भासावी. प्रतापगडचा आवळा आला की मोरावळा घालावयाचा, फाल्गुनात टोमॅटो मातीमोल झाले की त्यांचा रस आटवून बाटल्या भरावयाच्या. वैशाखातील लू माणसांना नकोशी. पण कुरडया आणि सांडगे एका दिवसात खणखणीत वाळविणारे असे ऊन पुण्यात मिळावयाचे नाही. (गच्चीवर काठी घेऊन माणूस बसवावा लागतो, एवढेच. येथील वानरांना आपल्या कुरडया फार आवडतात.)

या सर्व खटाटोपास आपल्या भाषेत बेगमी असा शब्द आहे. एकदा आम्ही शेजारच्या वृद्ध गृहस्थांना तो सांगितला, तेव्हा ते हसून म्हणाले, बेगमांच्या या शहरात हे काम बेगमांचेच असावयाचे! मग क्षणभर थांबून त्यांनी शब्द फोडून दाखविला: बे-गम, निश्चिंत. शब्द मूळचा फारसीच. बरण्या भरल्या की गम नाही. आपण ज्यास साठवण म्हणतो तिच्या मुळाशी वस्तू नसून भीती आहे, हे त्या शब्दाने आम्हांस प्रथम दाखविले.

अपरिग्रहाचा पुरस्कर्ता येथे म्हणेल की ज्याला उद्याची भीती वाटते त्याने बरणी न भरता भीती सोडावी. हे आम्हांस पटत नाही. जो आंबा आज शंभर आणि दोन महिन्यांनी शून्य, तो टिकविणे म्हणजे लोभ नव्हे. निकोला आपेर याने बंद बरण्यांत अन्न उकळून टिकविण्याची रीत शोधली, तिच्यासाठी 1810 साली फ्रेंच सरकारने त्यास 12,000 फ्रँकचे पारितोषिक दिले. अन्न का टिकते हे पाश्चरच्या पूर्वी त्यालाही सांगता आले नसते. मुरांब्यात शेकडा 65 ते 70 भाग साखर का, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक नव्हते. हात चुकत नसे. साठेबाज माल दाबतो तो दुसऱ्याची अडचण वाढावी म्हणून. गृहिणी बरणी उघडते ती पाहुणा आल्यावर. असा भेद आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने करीत असू.

बदलीचा हुकूम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आला. झाड लगडलेले होते. दशहरी पिकतो जूनमध्ये. तेव्हा आम्ही दुसऱ्या स्टेशनावर असणार आणि झाडाखाली दुसरे कोणी. आम्ही माणूस बोलावून सगळे कच्चे आंबे उतरविले. माळी शिडी धरून होता. अर्धे झाड झाल्यावर तो हळूच म्हणाला, "साहब, एक डाल रहने दें? नये साहब के भी बच्चे होंगे." आम्ही ऐकले नाही असे दाखविले. संध्याकाळी झाड बोडके झाले.

कायद्याने महिनाअखेरपर्यंत ताबा आमचा होता. तीन उन्हाळे पाणी आम्हीच घालविले होते; म्हणजे घातले माळ्याने, आमच्या आज्ञेने. लावणारा तर अज्ञातच. या तिघांत फळ कोणाचे, याचा निवाडा श्रमाच्या तत्त्वाने करावा तर माळ्याकडे जाते, आणि आमच्या मनात त्याचे नावही त्या वेळी आले नव्हते. मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेलेले आणि 1915 साली प्रसिद्ध झालेले गीतारहस्य आमच्या कपाटात होते. फलाशेचा त्याग या विषयावर आम्ही मंडळात एकदा बोललोही होतो. तेथे फळ हे रूपक होते. येथे ते डहाळीला लोंबत होते.

शिवाय दशहरी हा लोणच्याचा आंबाच नव्हे. लोणच्यास रामकेला घ्यावा, हे लखनौतील पोरही जाणते, आणि आम्हीही जाणत होतो. चार बरण्या लोणचे झाले, आगगाडीत त्यांतील एक फुटून बिछाना पिवळा झाला, उरलेले बेताचेच लागले. आम्हांस आंबा नको होता. तो दुसऱ्याला मिळेल, हे नको होते.

याच शहरात 1926 साली भातखंड्यांच्या पुढाकाराने संगीताचे महाविद्यालय निघाले. घराण्याघराण्यांतील चिजा मिळवून त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत भरून ठेवल्या. वहीतील चीज म्हणजे मैफलीतील गाणे नव्हे, असे जाणकार म्हणत; बरणीतील आंबाही झाडावरचा नव्हे. पण त्या बरण्यांना कुलूप नव्हते. मुंबईचा हा वकील लखनौचा झाला नाही, 1936 साली वारला, आणि ते झाड परक्या गावात अद्याप उभे आहे. त्यांच्याशी आमची तुलना आम्ही करीत नाही. पण कैसरबागेवरून जाताना ती आपोआप होते.

सहा वर्षांनी आम्ही पुन्हा लखनौस आलो, दुसऱ्या घरात. जुन्या घरी गेलो नाही; माळी निवृत्त होऊन गावी गेला होता. या खेपेस पहिल्याच पावसाळ्यात कागदी लिंबू लावले आणि मोरीवर अळूचे चार कंद, ते एका परिचितांनी नागपुराहून आणून दिलेले. लिंबास यंदा प्रथम फूल धरले आहे. ताब्याच्या यादीच्या तळाशी आम्ही स्वतःच्या अक्षरात 'लिंबू 1, अळू' असे लिहून दिले, तेव्हा कारकुनाने कागद परत केला. अशा वस्तूंसाठी त्यात रकाना नाही.