हत्तिणीला कोण विचारतं?

तेरच्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक चिमुकली बाई आहे, पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभेल अशी. तिच्यासमोर उभी असताना मावशी म्हणाली, "तिशीच्या आत एक होऊन जाऊ दे गं. शरीराला घड्याळ असतं." मी कोड लिहिते, घड्याळांशी माझं जमतं. तरी उत्तर सुचलं नाही.

कारण त्या दिवसांत मी हत्तिणींबद्दलच वाचत होते. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी वनताराला नेली आणि कोल्हापूर भागात लोक रस्त्यावर उतरले. तिचे पाय, तिची नखं, लोकांची श्रद्धा, सगळ्यावर वाद झाला. तीन दशकांहून अधिक काळ मठात काढलेल्या मादीच्या अंडाशयाचा विषय कुणीच काढला नाही.

हत्तिणीचं ऋतुचक्र 13 ते 17 आठवड्यांचं. त्यात एलएच हे संप्रेरक दोनदा उसळतं, साधारण तीन आठवड्यांच्या अंतरानं. बीज सुटतं ते दुसऱ्या वेळी. पहिली उसळी मला निरुपयोगी ओळ वाटली असती, मी ती खोडलीही असती. पण तिच्यातूनच अंडाशयात जादा पीतपिंड तयार होतात आणि जवळजवळ 22 महिन्यांचं गरोदरपण या सगळ्या पिंडांच्या जोरावर तगतं. रानात गरोदरपण आणि पाजणं यांत चक्र वर्षानुवर्षं थांबलेलं असतं. बंदिवासात ते रिकामंच फिरत राहतं. वर्षानुवर्षं गाभण न राहिलेल्या अशा माद्यांमध्ये अंडाशयात गाठी आणि गर्भाशयात अर्बुदं जास्त आढळतात.

म्हणजे मावशीचंच खरं?

नाही, असं मी ठरवलं. नकाराची किंमत ठाऊक असूनही मी नकार देऊ शकते. महादेवीचा नकार आणि होकार, दोन्ही दुसऱ्यांनीच दिले. मग उपाय म्हणून बंदिवासात पिल्लू जन्माला घालावं, तर शंभर किलोचं ते पिल्लू साखळीतच उभं राहणार, तेही न विचारता. पण माझं मूल तरी कुठे विचारून येणार? इथे माझा युक्तिवाद लंगडतो, हे मान्य.

"कशाची केली असेल गं ही?" मावशीनं काचेला हात लावला.

"सुळ्याची. बहुतेक नराच्या. आपल्याकडच्या माद्यांचे सुळे सहसा बाहेर दिसत नाहीत."

"बरंय मग," ती म्हणाली आणि पुढच्या काचेकडे गेली.