कॅमेरा कुणाच्या अंगणात?

मार्च २०२४मधल्या ९६व्या ऑस्कर सोहळ्यात ‘ऑपेनहायमर’ला १३ नामांकनं होती आणि त्यातले ७ पुतळे त्याने नेले. चित्रपट, दिग्दर्शन, प्रमुख अभिनेता, सहायक अभिनेता, छायाचित्रण, संकलन, संगीत. एवढ्या घबाडात ध्वनीचा पुतळा मात्र हातचा गेला. तो मिळाला जॉनथन ग्लेझरच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला. ऑस्करची नामांकनं बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे सदस्य ठरवतात, पण शेवटचं मतदान सगळ्यांना खुलं असतं. म्हणजे ज्या मतदारांनी ख्रिस्तोफर नोलनला डोक्यावर घेतलं त्यांनीच अणुस्फोटाचा तो छाती हादरवणारा गडगडाट बाजूला ठेवून भिंतीपलीकडच्या एका मंद घरघरीला कौल दिला. त्या रात्रीचा हा सगळ्यांत नेमका निवाडा होता असं माझं मत आहे. तो निवाडा मतदारांनी शेवटपर्यंत नेला असता, तर मुख्य पुतळाही तिकडेच जायला हवा होता.

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत दहा नावं होती आणि त्यांतल्या तिघांचा विषय माणसांचा ठरवून केलेला संहार हा होता: ऑशविट्झ, हिरोशिमा आणि ओक्लाहोमातल्या ओसेज जमातीचे खून. तिन्हींत कॅमेरा बहुतेक वेळ मारणाऱ्याच्या, निदान मारण्याचं साधन घडवणाऱ्याच्या घरात असतो. यात गैर काही नाही. गुन्हा समजून घ्यायचा तर गुन्हेगाराच्या घरी जावंच लागतं. पण त्या घरात जाऊन दिग्दर्शक पाहतो काय, आणि आपल्याला बाहेर पडायची कोणती वाट ठेवतो, यावर माझी आवड-नावड ठरली.

ग्लेझरने वाट ठेवलेलीच नाही. ऑशविट्झचा कमांडंट रुडॉल्फ होस, त्याची बायको हेडविग आणि पाच मुलं छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात. बाग, काचघर, मुलांसाठी घसरगुंडी लावलेला छोटा हौद. ग्लेझरने हे घर छावणीच्या जवळच उभं केलं, खोल्याखोल्यांतून स्थिर कॅमेरे बसवले, एका वेळी दहापर्यंत, आणि तंत्रज्ञांना घराबाहेर काढलं. चित्रीकरणासाठी वेगळे दिवे लावले नाहीत. क्लोजअप जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाहून त्याची कीव करायची किंवा घृणा करायची सोय राहत नाही. नट या खोलीतून त्या खोलीत जातात, दारं लावतात, दिवे मालवतात आणि आपण नुसतं बघत राहतो.

कथानक म्हणावं असं यात एकच घडतं: होसची बदली होते. सरकारी वसाहतीत वाढलेल्या कुणालाही पुढचं पाठ असेल. साहेबांची ऑर्डर येते, बाई म्हणतात मी हे घर सोडणार नाही, मुलं इथे रुळलीत, बाग मी माझ्या हातांनी लावली आहे, तुम्ही वर शब्द टाका. होस वर शब्द टाकतो आणि कुटुंबाला तिथेच राहायची परवानगी मिळते. हे सगळं चाललेलं असताना भिंतीपलीकडून भट्ट्यांची घरघर येत असते, कुत्री भुंकत असतात, मध्येच गोळी सुटते, किंकाळी उठते. ध्वनिरचनाकार जॉनी बर्नने यासाठी साक्षी, नकाशे, हत्यारं, अंतरं यांची सुमारे ६०० पानांची फाइल तयार केली होती. कोणता आवाज किती लांबून कसा येईल याचा हिशेब त्यामागे आहे. घरातलं कुणीही त्या आवाजाकडे वळून बघत नाही, आणि अर्ध्या तासाने आपल्या लक्षात येतं की आपलाही कान त्याला सरावत चालला आहे.

दोन प्रसंग सांगतो. होस कार्यालयीन पत्राचा मजकूर सांगतो: आवारातली लायलॅकची फुलं तोडताना जवान झुडपांची नासधूस करतात, हे चालणार नाही. दुसरा हेडविगचा. छावणीतून आलेल्या कपड्यांतला फरचा कोट ती खोलीचं दार लावून अंगावर चढवते, आरशासमोर वळून वळून बघते. खिशात कुणाची तरी वापरलेली लिपस्टिक सापडते, ती स्वतःच्या ओठांना लावून बघते. संगीत नाही, चेहऱ्यावर कसला भाव नाही. ती लिपस्टिक कुणाची हा प्रश्न तिला पडत नाही आणि दिग्दर्शक तो तिच्या वतीने आपल्याला विचारत नाही.

पाहुणी आलेली हेडविगची आई लेकीचा थाट बघून हरखते. रात्री खिडकीत भट्टीच्या ज्वाळांचा उजेड दिसतो आणि पुढे कुणाला न सांगता ती निघून जाते. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने इथे म्हातारीला सदसद्विवेकाची मूर्ती केली असती. इथे ती फक्त निघून जाते, मागे ठेवलेली चिठ्ठी लेक चुलीत टाकते आणि घर पुन्हा सुरू.

हे बघताना मला चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आठवला. २०१५ साली भारताने तो ऑस्करला पाठवला होता, नामांकनापर्यंत पोहोचला नाही. त्यात लोकशाहिराला तुरुंगात डांबू पाहणारी सरकारी वकील कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीत घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयाला हाकलतात आणि प्रेक्षागृह खिदळतं. गुन्ह्याचं प्रमाण अर्थातच कुठल्या कुठे, त्या बाबतीत तुलना करू नये. पण कॅमेरा लांब ठेवून, प्रसंग संपल्यावरही हलवायचा नाही आणि सज्जन संसारी माणूस बघू द्यायचा, ही रीत दोघांची एक आहे. ‘कोर्ट’ बघून अस्वस्थ झालेल्या मराठी प्रेक्षकाला ग्लेझरची भाषा परकी वाटायचं कारण नाही.

आता ‘ऑपेनहायमर’. कारागिरीबद्दल वाद नाही. ट्रिनिटी चाचणीत आधी प्रकाश येतो, मग लांबलेली शांतता आणि श्वास, आणि आपण बेसावध झाल्यावर आवाजाची लाट येऊन आदळते. हिरोशिमानंतरच्या भाषणात टाळ्यांचा आवाज गिळला जातो, तोही प्रसंग मोठा आहे. हिरोशिमा दाखवलं नाही म्हणून या चित्रपटावर बरीच टीका झाली. त्यावरचं समर्थन मला निम्मं पटतं. नोलनने पटकथाच प्रथमपुरुषी लिहिली. ऑपेनहायमरला बाँब पडल्याचं इतरांसारखं रेडिओवरून कळलं, मग पडद्यावर तरी आपण त्याच्यापेक्षा जास्त का बघावं?

ठीक. पण मग त्याच्या मनातलं काय दिसतं ते तपासू. भाषणाच्या वेळी त्याला भास होतो आणि समोरच्या एका तरुणीच्या चेहऱ्याची कातडी सोलवटून निघते. ही भूमिका नोलनच्या स्वतःच्या मुलीने केली आहे. विनाश आपल्या माणसांपर्यंत येईल हे तिच्या तोंडावर दाखवायचं होतं. हेतू प्रामाणिक असेल. तरी कल्पनेतसुद्धा जळणारा चेहरा आपल्याच घरातला लागतो, जपानी चेहरा चालत नाही, हे मला खटकलं. पुढे हिरोशिमाच्या स्लाइड्स दाखवतात तेव्हा ऑपेनहायमर नजर खाली घालतो आणि कॅमेरा किलियन मर्फीच्या देखण्या, खोल गेलेल्या गालांवर थांबतो. १९४५ संपेपर्यंत एकट्या हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेल्याचा अंदाज आहे. पडद्यावर त्यांच्या वाट्याला ते गाल आले.

माझी खरी तक्रार शेवटच्या तासाची आहे. तीन तासांपैकी तो सगळा जातो १९५४च्या चौकशीत आणि १९५९च्या सिनेट सुनावणीत. ऑपेनहायमरचा वैरी लुईस स्ट्रॉस याने कसा डाव रचला, त्याचा सुरक्षा परवाना कसा काढून घेतला, मित्रांपैकी कोण फिरला. म्हणजे ‘याने काय केलं’ हा प्रश्न हळूहळू ‘याच्यावर काय अन्याय झाला’ इथे सरकतो, आणि शेवटी स्ट्रॉस आपटतो तेव्हा आपल्याला चक्क बरं वाटतं. दोन शहरांच्या राखेनंतर प्रेक्षकाला बरं वाटवून घरी पाठवायचं, हे मला पचलं नाही. अखेरचं आइन्स्टाइनबरोबरचं संभाषण तो तोल सावरू पाहतं, पण तोवर हिशेब दुसऱ्याच वहीत गेलेला असतो. जपानमध्ये हा चित्रपट लागला तो ऑस्कर वाटून झाल्यावर, २९ मार्च २०२४ रोजी. आपल्याकडे जुलै २०२३मध्ये वाद रंगला तो शय्यादृश्यात गीतेचा श्लोक आला म्हणून. बाँबबद्दल त्या वादात कुणी फारसं बोललं नाही.

मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या दोघांच्या मध्ये अडकलेला आहे. ओसेज लोकांच्या जमिनीत तेल निघालं, पैसा आला, आणि तो खर्च करायला ते अपात्र ठरवून त्यांच्यावर गोरे पालक नेमले गेले. मग १९२०च्या दशकात लग्नं लावून, विष देऊन, गोळ्या घालून तेलाचे हक्क वारसाने लाटण्याचा धंदा चालला. स्कॉर्सेसीने तपास अधिकाऱ्याला नायक करायची मूळ पटकथा बाजूला ठेवली हे फार बरं केलं. पण मध्यभागी आणला तो लिओनार्डो डिकॅप्रिओचा अर्नेस्ट, बायकोला विष टोचणारा मठ्ठ नवरा. लिली ग्लॅडस्टोनची मॉली नुसत्या पापणीने जे सांगते ते ऐकायचं सोडून २०६ मिनिटांतली बरीचशी अर्नेस्टच्या ओढलेल्या जबड्यावर गेली. ओसेज भाषेच्या सल्लागारानेच प्रीमियरला ही कथा मॉलीच्या बाजूने यायला हवी होती अशी खंत बोलून दाखवली होती. शेवट मात्र जबरदस्त. खुनांची कथा रेडिओवरच्या करमणुकीच्या कार्यक्रमात रूपांतरित होते, आणि स्वतः स्कॉर्सेसी ध्वनिक्षेपकापुढे येऊन मॉलीच्या निधनाची बातमी वाचतो, जिच्यात खुनांचा उल्लेखच नव्हता. आपणही हाच धंदा करतो आहोत, हे ऐंशीच्या घरातला दिग्दर्शक उभा राहून कबूल करतो. दहा नामांकनं, पुतळा एकही नाही. प्रमुख अभिनेत्रीचा पुतळा नेणाऱ्या एमा स्टोनचं ‘पुअर थिंग्ज’मधलं काम धीट आहे, पण मत असतं तर मी ग्लॅडस्टोनला दिलं असतं.

जस्टिन त्रिएचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ माझ्या यादीत दुसरा. हेडविग झालेली सँड्रा ह्यूलर इथे नवऱ्याच्या मृत्यूचा आरोप असलेली लेखिका आहे. नवरा-बायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात लागतं, आपल्याला ते भांडण दिसू लागतं, आणि हाणामारी सुरू होते त्या क्षणी दृश्य काढून घेतलं जातं. उरतो फक्त आवाज. फ्रान्सने हा सोडून दुसराच चित्रपट परभाषा विभागाला पाठवला, ती त्यांची मर्जी. बाकीच्यांबद्दल थोडक्यात: ‘पास्ट लाइव्ह्ज’ला दोनच नामांकनं मिळणं कद्रूपणाचं, ‘बार्बी’वरचा गदारोळ ‘बार्बी’पेक्षा मोठा, ‘द होल्डओव्हर्स’ दोनदा बघावासा, ‘मेस्ट्रो’ पुतळ्यावर डोळा ठेवून केलेला.

मुख्य पुतळ्यासाठी मतदार पसंतीक्रम लावतात. तळाचा चित्रपट बाद करत, त्याची मतं पुढच्या पसंतीला देत निम्म्याच्या वर जायचं असतं. अशा पद्धतीत अनेकांना बऱ्यापैकी आवडणारा चित्रपट तगतो. ‘झोन’सारखा अंगावर येणारा तिथे मागे पडावा हे समजू शकतं. त्या रात्रीही तो काहींच्या अंगावर आलाच: परभाषा विभागाचा पुतळा घेताना ग्लेझरने आपला चित्रपट आजच्याबद्दल असल्याचं सांगून गाझाचा उल्लेख केला, तेव्हा हजारावर ज्यू चित्रपटव्यावसायिकांनी निषेधाचं पत्र काढलं. समर्थनाचंही निघालं.

माहितीपटांच्या यादीत एकाचा विषय आपल्या इथला होता: निशा पाहुजांचा ‘टू किल अ टायगर’, झारखंडमधल्या शेतकरी बापाचा आणि सामूहिक बलात्कार झालेल्या त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीचा. इथे कॅमेरा थेट पीडितेच्या अंगणात आहे आणि गावकरी समेट करा म्हणून बापाला घेरतात तेव्हाही तो तिथून हलत नाही. मुलीचा चेहरा झाकलेला नाही. सज्ञान झाल्यावर तिने स्वतः तसं ठरवल्याचं चित्रपट सांगतो. आपल्या कायद्याला मात्र अल्पवयीन पीडितेची ओळख उघड होणं मंजूर नाही आणि त्यावरून इथे आक्षेप आले. त्या कायद्यामागची काळजी मला मान्य आहे. चित्रीकरणाच्या वेळी ती मुलगी अजाण होती, आणि आज तिचा चेहरा जगभर गेला आहे, यात तिच्या होकाराचं वजन किती धरायचं यावर माझं मत ठरत नाही. पुतळा ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ला गेला. नोलनच्या तीन तासांनी मला एवढा वेळ कशावरही वाद घालायला लावलं नाही.