अस्वाद आणि आगळ

काशीदला माझी घरगुती खानावळ आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, तळलेली सुरमई मागवतात आणि सॅलडवर मात्र 'लो-कॅलरी ड्रेसिंग' हवं म्हणतात. मी काकडी-कांद्यावर कोकमाचं आगळ, चिमूटभर साखर, जिऱ्याची पूड आणि ठेचलेली मिरची घालते. आगळ मुळात खारं, म्हणून वर मीठ नाही. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. मेयोनीज तर बहुतेक तेलच. टांगून पाणी काढलेलं दही घुसळलं की तसाच मऊपणा येतो. ओलं खोबरं मात्र हलकं नव्हे, हे मी गिऱ्हाइकाला सांगून टाकते.

पण याला संयम म्हणायचं का? विनोबा आमच्याच जिल्ह्यातले, 1895 साली गागोद्यात जन्मलेले. त्यांनी आचरलेल्या गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद आहे: शरीराच्या गरजेपुरतं खायचं, जिभेसाठी नाही. त्या कसोटीवर माझं आगळ नापास. कॅलरी गेल्या, चोचले राहिले! गीतेचा दुसरा अध्यायही बजावतो की निराहारी माणसाचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही.

मला ही अट फार कडक वाटते. सहाव्या अध्यायातला बेताचा आहार पटतो. तिथं चवीला बंदी नाही. एकादशीला साबुदाणा तुपात परतणाऱ्यांनी (मीही त्यातलीच) आगळाला नावं ठेवू नयेत. सासूबाई त्या दिवशी नुसती काकडी खायच्या, मीठसुद्धा न लावता. कशी लागते विचारलं तर म्हणायच्या, "गोड."